धानोरावाली कोण?

लग्नात माझं नाव कुणी बदललं नाही. बदलायची गरजच पडली नाही, कारण सासरी आल्यापासून ते कुणी घेतलंच नाही. माझं माहेर आरमोरीचं, म्हणून मी आरमोरीवाली. शेजारच्या घरात कुरखेड्याहून आलेली ती कुरखेडावाली, तिच्या पलीकडची वडसावाली. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात सुना अशाच ओळखल्या जातात. बाई ज्या गावाहून आली ते गाव तिच्या नावाच्या जागी जाऊन बसतं आणि ती म्हातारी झाली तरी तिथून उठत नाही. माझी सासू घुग्घुसची. तिला या जंगलात येऊन एक आयुष्य लोटलं, तरी गावातले म्हातारे तिला अजून घुग्घुसवालीच म्हणतात, आणि ती कुणावर भडकली की, ‘कोळशाच्या गावची हाये, पेटनच’ असं वर ऐकवतात.

मला हे मुळीच आवडायचं नाही. शाळेत हजेरी घेताना बाई माझं पूर्ण नाव खणखणीत घ्यायच्या, त्याची मला सवय. पहिल्या वर्षी मी यावरून दोघीतिघींशी भांडलेसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना, ‘आरमोरीवालीचं डोकं गरम हाये’ असं म्हणत गेल्या. मग मी नाद सोडला. हळूहळू इतकी सवय झाली, की बाजारात कुणी नुसतं ‘आरमोरी’ म्हटलं तरी माझी मान वळायची. हे एवढं लांबण लावून सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या वळणाऱ्या मानेमुळेच झालं.

मुलगी दिवस भरायच्या कितीतरी आधी झाली. मोहफुलं पडायचे दिवस होते. सासू टोपली घेऊन जंगलात गेली होती आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं, काल खाल्लेली लाखोरीची डाळ बाधली. गावच्या आशाताई आल्या, त्यांनी पोटाला हात लावला आणि माझ्या नवऱ्याला अशी काही हाक मारली, की तो दुकान उघडं टाकून पळत आला. जळालेल्या पंपांच्या मोटारीत नवी तार भरायचं त्याचं दुकान. त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये तो माझ्याजवळ बसला तेव्हा त्याच्या बोटांत तांब्याची तार तशीच अडकलेली होती, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत तो ती नुसती गुंडाळत आणि सोडत राहिला.

मुलगी झाली, पण रडली नाही. हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोरून नेलं आणि कुणीतरी म्हणालं, ‘मुलगी आहे, काचेत ठेवू.’ काचेत ठेवणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्याकडे एखाद्या घरी बाळ झालं का विचारलं आणि ‘काचेत हाये’ असं उत्तर आलं, की विचारणारा पुढे काही विचारत नाही. आता ते उत्तर आमच्या घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी मला आत नेलं. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, वरून गाऊन. आत काचेच्या पेट्या ओळीनं, आणि एका पेटीत माझी. एवढीशी. अंगावर बारीक लव, नाकात नळी, कागदासारखे पातळ कान. पुष्कळ बायका सांगतात, लेकराला बघताच माया दाटून आली. मला दाटून बिटून काही आलं नाही. मला भीती वाटली. ही माझी आहे असं सिस्टर म्हणाली, म्हणून मी मानलं.

तिचं एक होतं, ती मधूनच श्वास घ्यायला विसरायची. हा सिस्टरचाच शब्द, विसरते. मशीन टुणटुण करायला लागायचं, सिस्टर येऊन तळपायावर टिचकी मारायची, की हिला आठवायचं. मी बाहेर येऊन सासूला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘बापावर गेली. त्याले बी जेवाची आठवन द्या लागते.’ मी हसले आणि लगेच रडले. सासूनं दोन्हीकडे दुर्लक्ष केलं आणि डब्यातला भात पुढे सरकवला.

डॉक्टर तरुण होते, पश्चिमेकडचे कुठलेतरी, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी मला सुरुवातीलाच सरळ सांगितलं, ‘श्वासाचं आम्ही बघतो. पण तिनं स्वतः तोंडानं दूध ओढायला पाहिजे. ओढलं, गिळलं आणि गिळताना श्वासही चालू ठेवला, तर मग मला तिची काळजी नाही.’

‘आणि नाही ओढलं तर?’

‘वाट पाहू.’

‘किती?’

ते तिच्या पेटीवरचा तक्ता भरायला लागले. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. ओढलं पाहिजे.

आम्हा आयांना राहायला शेजारीच एक लांबलचक खोली होती. तिथे पलंग, पलंगांमध्ये बांधलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर वाळत घातलेली धडुती, आणि दिवसभर एका कूलरचा खडखडाट. ठरल्या वेळी जायचं, वाटीत दूध काढून द्यायचं, सिस्टर ते नळीनं तिच्या पोटात सोडायची. नंतर श्वास जरा सुधारला तशी ती तिला माझ्या उघड्या छातीशी ठेवायला लागली. याला ते लोक कांगारू म्हणतात. सासूला मी समजावलं, की असा एक प्राणी असतो, तो पिल्लाला पोटाशी घेऊन फिरतो. ती म्हणाली, ‘मंग वांदरीन म्हना ना सरळ. आपल्या इथं नाई काय वांदरीन?’

छातीशी ठेवली की मुलगी छान झोपायची. पण ओढायची नाही. ओठांना दूध लावलं तर मी कारल्याचा रस पाजतेय असं तोंड करायची. मी सिस्टरवर चिडले, नवऱ्यावर चिडले, कूलरवर चिडले. मुलीवरही चिडले. माझं दूध वाटीत पडत होतं आणि तिच्या पोटात नळीनं जात होतं, आणि मला वाटायचं, या सगळ्यात माझं काय काम आहे? वाटीच तिची आई झालीय.

त्याच सुमाराला खोलीत दुसरी एक आई आली. तिचाही मुलगा दिवसांआधीचा, माझ्या मुलीच्या पेटीपासून जरा दूर ठेवलेला. घरी एक मोठी लेक, म्हणून तिला लेकरांचा अनुभव होता. सासर आरमोरीजवळचं, तळ्यात आणि नदीत मासे धरणारं घर. आणि माहेर? माहेर धानोऱ्याचं. म्हणजे माझं माहेर ते तिचं सासर, माझं सासर ते तिचं माहेर. पहिल्याच दिवशी हे निघालं आणि आम्ही इतक्या हसलो, की टाके दुखले. ‘आपन अदलाबदल झालो वो,’ ती म्हणाली. तिच्या सासरी तिला धानोरावाली म्हणायचे. मला आरमोरीवाली. खोलीत माझी सासू मला तसंच हाक मारायची, तिची नणंद तिला तसंच, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या खोलीसाठी मी आरमोरीवाली झाले आणि ती धानोरावाली.

दवाखान्याचं मात्र उलटं. एका नावाच्या तीन-तीन बायका तिथे असायच्या, म्हणून हाक गावाची. पण गाव फाइलवरचं, म्हणजे सासरचं. फाइलप्रमाणे मी धानोऱ्याची आणि ती आरमोरीची. यात कधी गोंधळ झाला नाही, कारण दारावरची गार्डबाई जुनी होती. तोंडानं गाव घ्यायची आणि चालत येऊन जिला न्यायचं तिच्या खांद्याला हात लावायची. हात ज्या खांद्यावर, ती उठायची. गावाकडे आमच्यापैकी कुणाचं लक्षही नसायचं.

ती खूप बोलायची आणि मी खूप ऐकायचे, हे माझ्या घरी कुणाला पटणार नाही. तिचा नवरा डब्यात झिंग्यांचा रस्सा आणायचा, त्यातला अर्धा ती माझ्या ताटात ओतायची. ‘खा, दुधाले चांगला असते.’ दुधाचं तिला काही नवल नव्हतं. वाटी भरून सांडायची. माझी वाटी तळाला जेमतेम ओली व्हायची, तेव्हा मला तिचा रागही यायचा. आणि तिचा मुलगा नळीचं दूध नीट पचवत होता, वजन धरत होता. त्याला छातीशी द्यायचं मात्र अजून कुणी नाव काढत नव्हतं. त्याच हाकेची ती रोज वाट पाहायची. अंघोळ करून, केस घट्ट बांधून, पलंगाच्या काठावर बसून राहायची.

त्या दिवशी गार्डबाईच्या घरी लग्न होतं. तिच्या जागी आलेल्या बाईला आमची तोंडं माहीत नव्हती. सकाळची दहाची वेळ असेल. नवी बाई दारातूनच ओरडली, ‘धानोरावाली! बाळाले छातीशी घ्याले चला.’

मीही ऐकलं. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. आणि एकीलाही काही खटकलं नाही, कारण आमची धानोरावाली काठावर बसलेलीच होती. ती उभी राहिली आणि तिचा चेहरा असा झाला, की सगळी खोली खूश झाली. ‘मले बोलावलं वो!’ मीच तिला पुढे ढकललं. म्हटलं, ‘जा लवकर, पोरगा वाट पाहून राह्यला.’

ती गेली. मी धडुती घड्या करायला घेतली. मनात आलं, हिच्या मुलाला छातीशी दिलं, आता तो ओढेलसुद्धा, आणि माझी तशीच राहील. थोड्या वेळानं दारातून पुन्हा हाक आली.

‘आरमोरीवाली! मॅडम बोलावते.’

मान वळली. मी उठले.

मॅडम म्हणजे नव्या डॉक्टर, आमच्या रोजच्यांच्या बदली आलेल्या. टेबलावर फाइल उघडी, त्या त्यातच पाहत होत्या. ‘आरमोरी?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि बसा म्हणण्याच्या पद्धतीवरूनच मला काय ते कळलं. त्या हळू, नीट समजावून बोलल्या. बाळाच्या पोटाला सूज आली आहे. पहाटेपासून दूध बंद केलं आहे. इथे थांबून चालणार नाही, नागपूरला न्यावं लागेल, कदाचित ऑपरेशन लागेल. घरातलं मोठं माणूस कोण आहे? आपल्या भाषेत ‘बाळ’ या शब्दात मुलगा की मुलगी काही कळत नाही, आणि मॅडम शेवटपर्यंत बाळच म्हणत राहिल्या. मीही बाळच ऐकत राहिले.

मी रडले नाही. मी विचारलं, ‘ॲम्ब्युलन्समध्ये चपला घालून बसायचं का?’ मॅडमनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘हो, घाला.’ मग मी विचारलं, की नेण्याआधी एकदा पाहून येऊ का, आणि त्यांनी मान हलवली.

मी हात धुतले. पुन्हा पुन्हा साबण लावत राहिले, कारण धुणं संपलं की आत जावं लागणार होतं. मग आत गेले, ओळीतल्या तिच्या पेटीपाशी पोचले, आणि पेटी रिकामी होती. आतली चादर सरळ केलेली. मला वाटलं, संपलं. मला सांगायला मॅडमचा धीर झाला नाही, म्हणून नागपूरचं सांगितलं. माझे हात ओलेच होते आणि ते मी काचेला टेकवून उभी राहिले.

कोपऱ्यात छातीशी घ्यायच्या खुर्च्या होत्या. तिकडे नजर गेली ती उगाच गेली. एका खुर्चीत धानोरावाली बसली होती, गाऊनच्या आत पोटाशी बाळ, आणि बाळाच्या डोक्यावर जांभळ्या फुलांची टोपी. ती टोपी माझ्या सासूनं स्वतःच्या जुन्या पातळाची शिवली होती. तसं पातळ गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

माझ्या तोंडून निघाला तो आवाज त्या खोलीत निघू नये असा होता. ‘ते माही पोट्टी हाये!’

सिस्टरही त्या दिवशी नवीच होती, ती गर्रकन वळली. धानोरावाली मात्र जागची हलली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘ओरडू नोको वो. पिऊन राह्यली.’

मी जवळ गेले. माझी मुलगी तोंड भरून पीत होती. गाल आत जात होता, बाहेर येत होता. गळ्यापाशी काहीतरी बारीक हलत होतं, ते गिळणं होतं. कितीतरी दिवस मी ज्यासाठी सगळ्या देवांना वेठीला धरलं होतं, ते तिथे दुसऱ्या बाईच्या छातीशी निवांत चाललं होतं.

मला आनंद झाला. आधी आनंदच झाला, आणि इतका झाला, की मी खुर्चीचा हात धरला. ती जिवंत होती, ती ओढत होती, पोट सुजलेलं बाळ माझं नव्हतं. हे एवढं मनात पूर्ण झालं, आणि मग पुढचं कळलं. ते बाळ कुणाचं होतं, ते.

सिस्टरनं घाईनं मुलीच्या पायाची पट्टी वाचली आणि कपाळाला हात लावला. ‘मी विचारलं ना तुम्हाला, धानोऱ्याच्या का म्हणून?’

‘मंग? धानोऱ्याचीच हावो मी,’ ती म्हणाली.

‘तुले समजलं नाई काय?’ मी विचारलं. माझा आवाज अजून रागातच होता.

‘समजलं. टोपी सरकली तं कान पाह्यला. माह्या पोराच्या कानाले तीळ हाये.’ तिनं मुलीकडे पाहिलं. ‘पन तवर इनं धरलं होतं. धरलेलं लेकरू तोडते काय कोनी? तुई पोट्टी पित नाई म्हनून तू किती रडते, ते मी पाहून नाई राह्यली काय?’

सिस्टरनं बाळाला घ्यायला हात पुढे केला होता. तिनंही क्षणभर त्या गालाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ‘संपू द्या,’ ती म्हणाली.

मी तिथे उभी राहिले. मुलगी पीत होती आणि मी मोजून-मापून काही विचार करत नव्हते, एवढंच कळत होतं, की ही पिऊन झाली की मला बोलावं लागणार आहे. त्यामुळे ती पुष्कळ वेळ पीत राहावी असं मला दोन कारणांनी वाटत होतं. एकदा ती थांबली, एकदम गप्प झाली. मी आणि सिस्टर दोघींचे हात तिच्या तळपायाकडे गेले. पण ती विसरली नव्हती. तिनं एक श्वास घेतला आणि पुन्हा ओढायला लागली.

शेवटी ती झोपली. धानोरावालीनं, म्हणजे माझ्या तोंडी बसलेल्या धानोरावालीनं, तिला माझ्या हातात दिलं आणि कपडे सारखे करता करता विचारलं, ‘मंग माहा कुठी हाये? त्याले कवा देतीन?’

मॅडमचे शब्द माझ्याजवळ होते, तेच दिले. माझ्याकडे दुसरे नव्हते. ‘मॅडमनं मले बोलावलं होतं, आरमोरीवाली म्हनून. मले वाटलं, माही. तुह्या पोराच्या पोटाले सूज आली. नागपूरले न्या लागते म्हन्ते.’

 तिनं एवढंच विचारलं, ‘दूध बंद केलं काय त्याचं?’

‘पहाटेपासून.’

तिनं खाली स्वतःच्या गाऊनकडे पाहिलं. दुसऱ्या बाजूनं तो ओला झाला होता. मग ती मॅडमच्या खोलीकडे चालत गेली.

त्या पोराचं काय झालं, ते आताच सांगून टाकते, वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. नागपूरला त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि तो वाचला. मी माहेरी गेले की आरमोरीच्या बाजारात तो आईच्या मागे मागे फिरताना दिसतो. जाड भिंगांचा चष्मा आहे, आणि माझ्या मुलीनं तो ओढला की तिला चावतो. दोघांचं पटत नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. त्या दुपारी तो जगेल असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता. तिचा नवरा नदीवर गेलेला, त्याला निरोप गेला होता. माझी सासू दुपारच्या बसनं डबा घेऊन आली, अंगाला मोहफुलांचा वास. मी तिला बाजूला घेऊन झालेलं सगळं सांगितलं. सांगताना मला धास्ती होती. दुसऱ्या घरचं, दुसऱ्या जातीचं दूध, आणि माझी सासू म्हणजे कोळशाच्या गावची. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, ‘किती पेली?’

‘पोटभर.’

‘मंग उभी काऊन हाये? तू पाजून पाह्य ना आता. तोंडाले चव लागली असन.’

मी आत गेले, खुर्चीत बसले, मुलीला छातीशी धरलं. तिनं तोंड लावलं आणि सोडलं. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. मग तेच कारल्याचं तोंड. ओढायला तिला येत होतं, म्हणजे आता दोष माझाच राहिला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला ते पुसताही येईना, कारण दोन्ही हातांत ती होती.

समोर धानोरावालीच्या मुलाच्या पेटीपाशी दोन सिस्टर त्याला प्रवासासाठी तयार करत होत्या. नळ्या, चिकटपट्ट्या, छोटं मशीन. तिला जवळ उभं राहायला सांगितलं होतं, पण हात लावायला नाही. ती हात मागे बांधून उभी होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि आली.

‘आन तिले.’

मला द्यायची नव्हती. खरंच नव्हती. सकाळी चुकून गेली होती, आता मी माझ्या हातानं द्यायची होती. ती माझ्यासमोर नुसती हात पुढे करून उभी. म्हणाली, ‘ह्या दुधाले घेनारा कोनी नाई आज. फेकून देऊ काय? आन.’

मी दिली. ती बाजूच्या खुर्चीत बसली. मुलीनं तिला शोधलं, धरलं, आणि पीत सुटली. ते पाहायला नको म्हणून मी खाली पाहिलं. तेवढ्यात तिनं कोपरानं मला ढोसलं. ‘जवळ सरक. आनखी जवळ. छाती उघडी ठेव. मी म्हनन तवा घेजो, उशीर नोको करू.’

खुर्च्यांचे हात एकमेकांना लागले. मुलगी जोरात ओढत होती, गिळत होती, ओढत होती. धानोरावालीनं करंगळी हळूच मुलीच्या ओठाच्या कोपऱ्यात सारली, तोंड सुटलं, आणि ते तोंड मिटायच्या आत तिला उचलून माझ्या छातीला लावलं. एक हात मुलीच्या मानेखाली, एक माझ्या पाठीवर. मुलीला बाई बदलली हे कळलंच नाही. तिनं धरलं. पहिल्या ओढीला मला इतकं दुखलं, की मी ओरडणार होते.

‘दुखते?’

‘हो.’

‘मंग बरोबर लागली.’ ती माझ्या पाठीवरचा हात न काढता तशीच वाकून बसून राहिली. मुलीच्या नाकाजवळ बोट धरून श्वास पाहत होती. तिचं दूध तिच्याच गाऊनवर ओघळत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मग दारातून हाक आली. ‘आरमोरीवाली! चला बाई, गाडी लागली.’

माझी मान वळणार होती, पण माझ्या आधी ती उठली. मीही उठायला लागले. तिच्याबरोबर निदान गाडीपर्यंत जायला हवं होतं, काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्या खांद्यावर हात दाबून तिनं मला खाली बसवलं.

‘उठू नोको. सुटन ते.’

ती गेली. मी दाराकडे पाठ करून बसले होते, वळले असते तर तोंड सुटलं असतं. पेटीची चाकं फरशीवरून जात होती, एक सिस्टर ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होती, आणि त्या सगळ्यात तिच्या चालण्याचा आवाज कुठला ते मला ओळखता आलं नाही. दार बंद झालं. मुलगी पीत होती.